काजळी आतून आहे की बाहेरून?

खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून बऱ्याच घरी खापरावरची पुरणपोळी होते. खापर म्हणजे मातीचं रुंद, खोलगट भांडं. ते चुलीवर पालथं घालतात. फुगीर पाठ वर, पोकळ पोट विस्तवाकडे. सैल कणकेची पोळी दोन्ही हातांवर फिरवत मोठी करतात आणि त्या तापलेल्या पाठीवर अलगद सोडतात. असं वापरातलं खापर उलटं करून पाहा. काजळी आतून असते. बाहेरची बाजू तुपातेलानं गुळगुळीत, तांबूस-काळपट झालेली. पातेलं, तवली, हंडी यांच्या नेमकं उलट.

आता हेच खापर फुटलं, उकिरड्यावर गेलं, मातीत दडलं आणि तीन हजार वर्षांनी कुणाच्या हाती लागलं असं समजा. त्या माणसानं खापरावरची पोळी कधी पाहिलेली नसेल, तर तो काय लिहील? ‘आतून जळालेलं पात्र, आत विस्तव ठेवत असावेत, बहुधा धूपपात्र.’ स्वयंपाकघरातली वस्तू एका वाक्यात देवघरात जाते. प्राचीन विधींचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाच्या हातून होणारी ही सगळ्यात सोपी चूक आहे. ती टाळायचा उपाय ग्रंथालयात कमी आणि गावातल्या आजींकडे जास्त मिळतो. म्हणूनच विधींचा अभ्यास आणि लोकशिक्षण ही या पेशातली दोन वेगळी कामं आहेत, असं मला वाटत नाही. गावाला शिकवायला गेलेला माणूस गावाकडून शिकून आला नाही, तर त्याच्या अहवालात खापराचं धूपपात्र होणारच.

गोष्ट सुरू होते पांढरीपासून. काळी शेताची आणि पांढरी गावाची, ही विभागणी आपल्याकडे जुनी आहे. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती, भुसा, हाडं असं साचत जातं आणि जमीन राखाडी-पांढुरकी होते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठांवर अशा टेकाडांची रांगच आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. तिथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं. समोरच्या काठावर टेकवाडे इथे दफनं मिळाली. शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी काम केलं. तापीकाठच्या सावळदे गावाचं नाव तर खापरांच्या एका प्रकाराला आणि त्या संस्कृतीलाच मिळालं. त्या भांड्यांवर बाणाग्रं, मासे पकडायचे गळ अशी हत्यारं रंगवलेली असतात. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तेव्हा याच सावळदा संस्कृतीचे लोक जमिनीत खोल खड्डे करून त्यांत राहत होते, असं दिसलं. काळ इसवी सनापूर्वी साधारण २००० च्या आसपासचा.

ही पांढरी माती खत म्हणून उत्तम. काळ्या जमिनीत टाकली की जमीन सुटसुटीत होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी बैलगाडीनं ती नेत आले. बैलगाडीचं नुकसान सोसण्यासारखं होतं. दिवसाकाठी चार खेपा व्हायच्या, टेकाडाची कड तेवढी झिजायची. आता जेसीबी लागतो आणि एका आठवड्यात टेकाड सपाट होतं. नेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, की त्या ट्रॉलीत मातीबरोबर काय चाललंय.

काय चाललंय, तर जागा. विधी वस्तूत नसतो, वस्तूच्या जागेत असतो. दिवाळीतली पणती माळ्यावर पडली की नुसती मातीची वाटी असते. वृंदावनाशी लावली की पूजा होते. मातीत पुरलेल्या गोष्टींचंही तसंच. दोन कुंभ, एक बैल, एक राखेचा खड्डा हे सगळं हातात घेऊन काहीच कळत नाही. कुठल्या थरात, कुठल्या दिशेला तोंड करून, कशाखाली, कशाशेजारी होतं, यावर सगळं अवलंबून.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावचं उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन चाललं. एका घराच्या जमिनीखाली मातीचं झाकणवालं पात्र मिळालं. आत मातीची एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी, बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. त्या बिनडोक्या मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोकं होती. काडी घातली की मूर्ती बैलावर बसे. मूर्ती कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. हीच सामग्री ट्रॉलीतून शेतात गेली असती, तर पहिल्या पावसात विरघळली असती. आणि समजा, कुणी नुसता बैल उचलून शाळेच्या कपाटात ठेवला असता, तर आपण त्याला पोळ्याचा बैल म्हणून मोकळे झालो असतो.

उलट बाजूचं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेकाठी १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना ब्राँझची चार मोठी शिल्पं निघाली. रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळी मिळून साठ किलोहून जास्त. चाकं असल्यामुळे ती मिरवणुकीत ओढत असतील, असं म्हणायचा मोह होतो. पण ती उत्खननात थर राखून निघाली नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये आजवर वाद आहे. धातू मिळाला आणि जागा हरवली. पुढे त्या गावात रीतसर उत्खनन झालं, पण गेलेली जागा परत येत नाही.

मग विधी ओळखायचा कसा? पुनरावृत्ती पाहायची. एकदा घडलं तो अपघात असू शकतो. दहा घरांत तेच, त्याच जागी, त्याच दिशेला दिसलं तर तो नेम. इनामगावात लहान मुलांची दफनं घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसांचं डोकं उत्तरेला आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. हे एखाददुसऱ्या ठिकाणी नाही, पुन्हा पुन्हा. निवड पाहायची. जेवणातल्या हाडांत जनावराचे सगळे अवयव मिसळलेले असतात आणि मज्जेसाठी हाडं फोडलेली असतात. नैवेद्यात बहुतेक वेळा विशिष्टच भाग असतो. खड्डा कसा बुजला ते पाहायचं. खड्डा कचऱ्यानं हळूहळू भरला की आत उतरते थर दिसतात. मुद्दाम बुजवला की एकाच रंगाची माती एकदम दिसते. अखंड भांडीही बोलतात. घरात फुटकं भांडं टाकतात, धड भांडं कुणी टाकत नाही. धड भांडं जमिनीखाली सापडलं तर ते ठेवलेलं असतं.

आणि अग्नी. महाराष्ट्रात राखेचा खड्डा दिसला की ‘यज्ञकुंड’ हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागत नाही, वर्तमानपत्रात तर अजिबात नाही. चूल आणि कुंड यातला फरक शोधायला खड्ड्याचा अर्धाच भाग आधी उतरवायचा, म्हणजे उभा छेद मिळतो. चुलीला आतून मातीचा लेप पुन्हा पुन्हा दिलेला असतो. छेदात ते पापुद्रे कांद्यासारखे मोजता येतात. राखेत हाडांचे तुकडे, जळके दाणे, खापरं हमखास. एकदाच पेटलेल्या खड्ड्याची कड एकाच जाडीची भाजलेली असते. राखेची दहा ते वीस लिटर माती वेगळी पिशवीत भरायची, पाण्यात ढवळायची आणि वर तरंगणारा कोळसा-दाणे अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धरायचे. गहू, जव, कुळीथ, बोराच्या बिया असं मिळालं म्हणून ते कुंड ठरत नाही. काहीच मिळालं नाही म्हणूनही ठरत नाही. लेप, दाणे, जागा, शेजारची जमीन सगळं एकत्र ठेवूनच बोलायचं. तोवर वहीत फक्त ‘राखेचा खड्डा क्र. अमुक’ एवढंच लिहायचं. नाव देण्यातली घाई ही या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे, कारण पुढे सगळेजण तेच नाव उचलतात.

काळ्या मातीची एक वेगळी खोड खान्देशात काम करणाऱ्याला ठाऊक हवी. उन्हाळ्यात ती तडकते. भेगा हात-हात खोल जातात, कधी त्याहून जास्त. वरचा काचेचा मणी, परवाचं नाणं, बांगडीचा तुकडा भेगेतून थेट खालच्या थरात उतरतो. मग ताम्रपाषाणयुगाच्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरत त्या काळाच्या, थरात काच दिसते आणि नवखा माणूस हरखतो. म्हणून तळाशी एकट्यानं सापडलेल्या लहान वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही. आधी आजूबाजूला भेग, उंदराचं बीळ, धान्याचं जुनं पेव आहे का ते पाहायचं. ओल्या ब्रशनं पृष्ठभाग हलका पुसला की बिळातली माती वेगळ्या रंगाची दिसते.

दफनकुंभ काढायची रीत सविस्तर सांगतो, कारण इथे घाईनं सगळ्यात जास्त वाया जातं. चोपलेल्या जमिनीत आधी एक गडद गोल किंवा लांबट डाग दिसतो. तो म्हणजे पुरण्यासाठी केलेल्या खड्ड्याचं तोंड. इथे कुदळ थांबते. खुरपी, बांबूची काडी आणि मऊ ब्रश एवढंच. खड्ड्यातली माती वेगळ्या घमेल्यात, वेगळ्या चिठ्ठीसह. कुंभाची वरची बाजू जवळजवळ नेहमीच दबून फुटलेली असते. ती खापरं उचलून ‘आत काय आहे’ बघायचा मोह सगळ्यांना होतो. उचलायची नाहीत. फोटो घ्यायचे, पट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवून. एकास दहा प्रमाणात नकाशा काढायचा. कुंभाची तोंडं, खालची जमीन आणि वरची जमीन, तिन्हींची पातळी लेव्हल या उपकरणानं नोंदवायची. जनुकीय तपासणीसाठी नमुना घ्यायचा असेल तर तो याच टप्प्यावर. हातमोजे आणि मास्क घालून, उघड्या हातानं न शिवता, कुठलंही रसायन लावायच्या आधी. मग कुंभाभोवती बोटभर-दोन बोटं माती ठेवून बाकीची कोरायची. वर पातळ कागद, त्यावर सुती पट्ट्या गुंडाळायच्या, खालून माती हळूहळू कापत प्लायवूड सरकवायचं. मातीसकट वजन चाळीस किलोच्या घरात सहज जातं. चार माणसं हवीत आणि ‘उचला’ म्हणणारा एकच हवा.

आतली माती जागेवर उपसायची नाही. सावलीत, टेबलावर, दोन मिलिमीटरच्या चाळणीखाली एक मिलिमीटरची चाळणी लावून चाळायची. तान्ह्या मुलाच्या दातांचे कोंब तांदळाच्या दाण्याएवढे असतात. पाच मिलिमीटरच्या नेहमीच्या चाळणीतून ते सरळ खाली जातात. वय कळण्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच असतो. हाडं पाण्यानं धुवायची नाहीत, उन्हात वाळवायची नाहीत. दोन्हींनी ती तडकून पापुद्रे सुटतात. अगदी भुसभुशीत झाली असतील आणि नमुने आधी घेऊन झाले असतील, तरच ॲसिटोनमध्ये तीन ते पाच टक्के पॅरालॉइड बी-७२ चा, म्हणजे हाड घट्ट धरणाऱ्या कृत्रिम राळेचा, हात द्यायचा. ऊन चढल्यावर तो लावला तर ॲसिटोन वरच्यावर उडून जातं आणि बाहेर चकचकीत कवच, आत भुगा अशी गत होते. खान्देशात हे काम सकाळी नऊच्या आत उरकावं.

हे सगळं चालू असताना कामावरच्या बायका गप्प होतात, हे लक्षात ठेवायला हवं. सापडलेलं ते कुणाचं तरी मूल असतं. त्या वेळी कुणी हळद-कुंकू वाहू म्हणालं, नारळ फोडू म्हणालं, तर खड्ड्याबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करू द्यावं. खड्ड्यात मात्र नाही, कारण आजची हळद उद्याच्या नमुन्यात उतरते. हे कारण नीट सांगितलं तर कुणीही ऐकतं.

आजचे विधी पाहणं हा अभ्यासाचा भागच आहे, मात्र विशिष्ट नजरेनं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप, मुखवटा, दागिने, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ असं गव्हाचं माप अनेक घरांत पाळतात. ते रोट घराबाहेर देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवतात. आता पुरातत्त्वज्ञाचा प्रश्न असा, की यातलं जमिनीत काय उरेल? फुलं, वस्त्रं, केळीचे खांब, गाणी, काही नाही. चुलीतली जास्तीची राख आणि चार जळके गहू. वर्षातला सगळ्यात मोठा उत्सव आणि मागे घमेलंभर राख. गुलाबाईचं तसंच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या गुलाबाई-गुलोजींपुढे गाणी म्हणतात, मग विसर्जन. पाण्यात गेलेल्या कच्च्या मूर्तीची पुन्हा माती होते. म्हणजे मूर्ती सापडत नाहीत म्हणून पूजा नव्हती, असं कधीच म्हणता येत नाही. इनामगावची कच्ची मूर्ती पात्रात झाकून पुरली गेली म्हणून टिकली. तशा किती विरघळल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

तरी एक सावधगिरी. आजची गुलाबाई आणि तीन हजार वर्षांपूर्वीची मूर्ती यांना एका धाग्यात ओवायची घाई नको. आजचा विधी एवढंच शिकवतो, की माणसं वस्तू कशा वापरतात, कशा टाकतात, काय जपतात. ‘तीच देवी आजपर्यंत चालत आली’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण मधल्या एवढ्या वर्षांचा पुरावा हातात नसेल तर ते उच्चारू नये. पाटण्याला, चाळीसगाव तालुक्यातच, एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. उभ्या-आडव्या रेषांची जाळी आहे त्यावर. त्याला ‘विधीची खूण’ म्हणणं सोपं आहे. पण सुंदर दिसलं म्हणजे पवित्र होतं असं नाही. माणसानं नक्षीसाठी नक्षी कोरली, ही गोष्टही काही लहान नाही.

या वाटेनं जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं.  डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं दोन वर्षांचं एम.ए. आहे, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे, तिला मात्र संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. विधींचा अभ्यास करायचा तर हाडांची ओळख, खापरांची ओळख आणि एखादी बोली पक्की हवी. खान्देशात अहिराणी नसेल तर अर्धं काम अडतं. ‘आठे काय निंघनं, भाऊ?’ (इथे काय निघालं, भाऊ?) या प्रश्नाला पुस्तकी मराठीत उत्तर दिलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि निघून जातो. नोकऱ्या कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन-तीन महिने खोदकाम आणि नंतर कित्येक वर्षं लेखन, हा हिशोबही आधी समजून घ्यावा. १९५५ ला खोदलेल्या प्रकाश्याचा पूर्ण अहवाल छापून यायला दहाहून जास्त वर्षं लागली. आणि तो आला, म्हणून आज वापरता येतो. खोदून न लिहिणं आणि ट्रॉली भरून नेणं यात जमिनीच्या दृष्टीनं फरक नाही. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी अहवाल लिहिले, ते लिहिता लिहिता सामान्य वाचकासाठीही आपल्या भाषेत लिहिलं, हे त्यांच्या कामाइतकंच मोठं मानायला हवं.

शाळेत काय करता येतं? भाषण कमी, खोका जास्त. पत्र्याचा किंवा लाकडी खोका घ्या, साधारण दोन फूट बाय तीन फूट, एक फूट खोल. तळाशी नदीची वाळू, त्यावर पिवळी माती, त्यावर राख मिसळलेली माती, वर काळी. प्रत्येक थर दोन-अडीच इंचांचा. दोन थरांमध्ये रांगोळीची चिमूटभर भुकटी भुरभुरा, म्हणजे मुलांना थर बदलल्याचं कळतं. माती दोन दिवस आधी उन्हात वाळवलेली असावी. ओली राहिली की गोळे होतात, चाळणी तुंबते आणि अर्ध्या तासात मुलं कंटाळतात. आत काय ठेवायचं? एका फुटक्या माठाची खापरं दोन थरांत विभागून, जळके गहू, बोराच्या बिया, बांगडीचे तुकडे, एक धड पणती पालथी. आणि खालच्या थरात, एखाद्या ‘भेगेतून’ पडल्यासारखा, प्लॅस्टिकचा मणी. देवाची मूर्ती आणि नाणी अजिबात ठेवू नका. ती ठेवली की त्या दिवसापासून मुलांच्या डोक्यात पुरातत्त्व म्हणजे खजिना.

एका खोक्याला चार मुलं. एक खोदणार, एक चाळणार, एक मोजणार, एक लिहिणार. वीस मिनिटांनी कामं बदलायची. नियम एकच, वस्तू दिसली की हात मागे. आधी दोन कडांपासूनचं अंतर आणि वरून खोली मोजायची, मगच उचलायची. दर वेळी एखादं मूल पणती दिसताच उपटतं. त्याला रागवू नये. ‘ती कुठे होती?’ एवढंच सगळ्यांसमोर विचारावं. त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे त्या मुलाला स्वतःला कळतं, आणि तेच शिकवायचं होतं. शेवटी खापरं जुळवायला द्या. वरच्या थरातलं आणि खालच्या थरातलं खापर एकमेकांत चपखल बसलं, की मुलं स्वतःच विचारतात, मग हे दोन थर वेगळ्या काळाचे कसे? तिथून पुढचा तास आपोआप चालतो.

गावात सांगायचं तर ग्रामसभेत, आणि कुदळ लागण्याआधी. कुठला गट नंबर, किती खड्डे (नेहमीचा पाच मीटर बाय पाच मीटरचा, मधे अर्धा मीटर बांध), किती दिवस, मजुरी किती, सापडलेलं कुठे जाणार, खड्डे कोण बुजवणार. या प्रश्नांची उत्तरं आधी दिली नाहीत तर ती गाव स्वतः तयार करतं. ‘रात्री हंडा नेला’ ही अफवा जवळपास हमखास उठते. तिच्यावरचा उपाय म्हणजे रोजची यादी. संध्याकाळी दिवसभरात काय मिळालं ते पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं, खापरं किती पिशव्या, हाडं किती, मणी किती. सलग पंधरा दिवस फळ्यावर खापरंच दिसली की हंड्याची गोष्ट विरते. लोकांना प्रत्यक्ष बोलवायचं तर आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजार उठायच्या वेळेला. खापरं धुऊन, पोत्यावर मांडून ठेवा आणि विचारा, हे कशाचं तोंड असेल? कुंभार बोटानं कड चाचपून सांगतो, चाकावरचं की हाताचं. बायका बूड बघून सांगतात, चुलीवरचं की पाण्याचं. आतून काजळी असलेलं खापर त्यांच्यासमोर ठेवलं तर ‘धूपपात्र’ हा शब्द कुणाच्याही तोंडून निघत नाही.

कायद्याचंही साध्या भाषेत सांगावं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक भीतीनं लपवतात. पण मूळ मालक निघाला नाही आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, हेही त्याच कायद्यात आहे. हे दुसरं वाक्य सांगायला अधिकारी विसरतात आणि वस्तू सराफाकडे वितळायला जातात.

पाटण्याचाच एक शिलालेख या संदर्भात आठवावासा वाटतो. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. वंशाची आणि विद्वत्तेची थोरवी संस्कृतात आहे. पण पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा भाग मठाला, हे खालचं कलम मराठीत आहे. ज्या व्यापाऱ्यानं आणि तेल्यानं ते पाळायचं, त्याला कळायला हवं ना. आठशे वर्षांपूर्वी खान्देशात एका विद्यापीठाचा खर्च कुणाकडून येणार हे त्या माणसांच्या भाषेत दगडावर कोरलं गेलं. आज टेकाडाशेजारी लागणारी निळी पाटी मात्र कायद्याच्या जडशीळ भाषेत असते आणि त्यात दंड लिहिलेला असतो, कारण लिहिलेलं नसतं. त्या पाटीखाली चार ओळी अहिराणीत लिहाव्यात. ही माती किती जुनी, इथे कोण राहत होतं, ती नेली तर काय जातं. खर्च एका डबा रंगाचा.

हंगाम संपताना खड्डे बुजवायचे ते मार्चअखेर, उन्हं वाढायच्या आत. छेद उघडे राहिले तर ते तडकतात आणि पहिल्या पावसात बांध कोसळतो, त्यावर गुरं किंवा पोर पडायची भीती वेगळी. तळाशी जाड कापड किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि चारही कोपऱ्यांत त्या वर्षाचं एकेक नाणं ठेवतात. पुढे कुणी पुन्हा खोदलं तर आधीचा माणूस कुठवर गेला होता, ते त्याला लगेच कळावं. नाणी शाळेतल्या मुलांना ठेवू द्यावीत. मग चाळलेली माती आधी, ढेकळं वर, आणि दर फूटभर थरावर पाणी मारून चोप. चोपलं नाही तर दोन पावसाळ्यांत तिथे खळगा पडतो आणि शेतकरी पुन्हा कधी जमीन देत नाही. खड्ड्यांचे कोपरे गटाच्या नकाशावर बांधापासून मोजून नोंदवावेत आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. जमिनीत रोवलेला दगडी खुंट पाच वर्षांत कुणाच्या तरी पायरीला लागलेला असतो.